चार बॉक्स आणि आठ ओहम

सोमवार, ३ फेब्रुवारी

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि आज घरबसल्या काम चालून आलं. धाकटी बहीण सकाळी येऊन गेली. तिच्या गाण्याच्या वर्गाला अखेर स्वतःची जागा मिळाली आहे, बेकरीसमोरचं कापडाचं जुनं गोदाम. वीस वर्षं ती लोकांच्या दिवाणखान्यांतून तीस बायकांना गाणं शिकवत फिरली. आता बावीस तारखेला स्वतःच्या सभागृहात पहिला कार्यक्रम. आवाजाची सगळी व्यवस्था मी करायची, असं फर्मान काढूनच ती आली होती.

मी म्हटलं, "अगं, स्पीकर भाड्याने देणारे आहेत की."

"एकजण येऊन गेला. चहा पाजून परत पाठवला त्याला. ताई, बटणाशी तू बसणार असशील तरच मी गाणार. दुसरं कोणी तिथे नको."

चौतीस वर्षं मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बिघडलेली मीटरं दुरुस्त केली. मुलं पाठीमागे मला ओहमबाई म्हणायची, कारण काहीही बिघडलं तरी मी आधी रोध मोजायला लावायचे. दोन वर्षांत कोणी काही मोजायला लावलं नव्हतं. आज आनंद झाला, फार झाला. शिंपीबुवांना, म्हणजे आमच्या यांना, सांगितलं तर ते ओरडूनच म्हणाले, "झेपेल का?" शिवणाचं दुकान बंद केल्यापासून त्यांना ओरडायची सवय लागली आहे. मी काही बोलत नाही. रिकामपणाने माणसं अशी होतात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सामान आलं. एक अँप्लिफायर, जुना पण ठणठणीत, आणि आठ ओहमचे चार स्पीकरचे बॉक्स. धाकटी मध्ये मध्ये लुडबुड करत होती. म्हणाली, "चार बॉक्स आहेत ना, मग चारही सरळ जोडून टाक. यंत्राचं ओझं वाटलं जाईल."

सगळे इथेच फसतात. तिला खुर्चीवर बसवलं आणि शिकवलं. समज, सभागृहाला एकच दार आहे आणि मागून एक दांडगा माणूस गर्दीला रेटतोय. तो रेटा म्हणजे व्होल्टेज. दाराचा अरुंदपणा म्हणजे रोध. आता तेवढ्याच रेट्याला शेजारी दुसरं दार उघडलं, तर दुप्पट माणसं बाहेर पडतील. पण रेटणारा तोच एकटा आहे. त्याला दुप्पट कष्ट.

"म्हणजे दारं वाढवली की तो दमणार?"

"घामाघूम होणार."

मग आकडे सांगितले. आपला अँप्लिफायर जास्तीत जास्त वीस व्होल्ट देतो. वीस गुणिले वीस चारशे, भागिले आठ ओहम, झाले पन्नास वॅट. दोन बॉक्स शेजारी शेजारी जोडले तर रोध होतो चार ओहम आणि त्याच वीस व्होल्टला शंभर वॅट ओढले जातात. चार जोडले तर दोन ओहम, दोनशे वॅट. यंत्राच्या पाठीवर पत्रा ठोकलाय, चार ओहमच्या खाली जाऊ नका म्हणून. तेव्हा उपाय असा की दोन बॉक्स एकामागे एक, त्यांचे सोळा ओहम. तशीच दुसरी जोडी. दोन्ही जोड्या शेजारी शेजारी. पुन्हा आठ ओहम. बॉक्स चार, ओझं एकाचं.

ती म्हणाली, "तू शिकवायला हवं होतंस गं." मला दिवसभर हलकं वाटत होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिली चाचणी. निराशा. आवाज येतो, पण दबका, गोधडीआडून आल्यासारखा. धाकटी बोलत होती त्यातले शब्दच कळेनात. हल्ली तसंही सगळे दात पडल्यासारखे बोलतात, पण माइकवर तरी नीट बोलावं माणसाने. बटण अर्ध्याच्या पुढे नेलं. शिंपीबुवांना शेवटच्या रांगेत बसवलं होतं. ते हात हलवून ओरडले, "पुरे, पुरे!" त्यांना काय कळतंय. जन्म कापडात गेला.

धाकटीने शेवटचं गाणं म्हणून दाखवलं, तिचं एकटीचं. दबक्या यंत्रातूनही तिचा आवाज ओळखू येतो. अजून तसाच आहे, वीस वर्षांच्या मुलीचा. तसं सांगितलं तर खुशीत आली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दारावरची घंटा पुन्हा बिघडली. दोन वर्षांत तिसरं बटण बसवलं. माल कसला बनवतात देव जाणे.

दुपारी सभागृहात चाचणी चालू असताना समोरचा बेकरीवाला आला. हसतमुख माणूस. दारातच उभा राहून काहीतरी बोलला, मी मान डोलावली, चहा दिला. जाताना पुन्हा काहीतरी बोलला, मी पुन्हा मान डोलावली. छान वाटलं, शेजार चांगला आहे. घरी शिंपीबुवा म्हणाले की तो सांगायला आला होता, त्याच्या फळीवरच्या बरण्या थरथरतायत. आणि मी म्हणे "हो हो, नक्की" म्हणाले. गोदामाची भिंत पोकळ असणार. बघायला हवी.

आवाज मात्र अजून कमीच आहे. वॅट दुप्पट केले तरी कानाला जेमतेम फरक पडतो, हे मला पाठ आहे. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. मग आणायचे कुठून?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

हे लिहिताना लाज वाटते, पण ही वही खोटं लिहायला नाही.

सकाळी एकटीच सभागृहात गेले आणि चारही बॉक्स शेजारी शेजारी जोडले. दोन ओहम. ज्याला हात लावायचा नाही असं धाकटीला शिकवलं, तेच. मनाशी म्हटलं, पत्र्यावर लिहिणारे घाबरट असतात, थोडी ढील ठेवूनच लिहितात. बटण फिरवलं आणि फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. तिसरा नव्हता. मग मी तांब्याची जाड तार घातली.

याच कारणासाठी मी एकदा एका प्राध्यापकांना सगळ्यांसमोर झापलं होतं. फ्यूज गेला की तो काय सांगतोय ते ऐका, त्याचं तोंड बांधू नका, असं मी त्यांना म्हणाले होते. आज मी त्याचं तोंड बांधलं. दोन मिनिटं आवाज जरा मोकळा वाटला, मग जळका वास, मग शांतता. आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर गेले.

कार्यक्रमाला नऊ दिवस आहेत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ट्रान्झिस्टर मिळाले. दिवसभर बसून बदलले. हात अजून स्थिर आहेत, सोल्डरचे डाग एकदम चकचकीत बसले. योग्य मापाचा फ्यूज घातला. जोडणी पुन्हा आठ ओहमची केली. अँप्लिफायर सुरू झाला तेव्हा त्याच्या पाठीवर थोपटलं.

मग धाकटीला तारेचं सगळं सांगितलं. वाटलं होतं ती चिडेल. ती खाली बघून म्हणाली, "ताई, आवाज पुरत होता गं." मी म्हटलं, "तुला माइकच्या मागून काय कळणार?" ती गप्प बसली. आमच्यात ती गप्प बसणारी कधीच नव्हती.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

वॅट वाढवून उपयोग नाही, म्हणजे दोष बॉक्समध्ये, असं ठरवलं. बॉक्समध्ये दोन स्पीकर असतात, मोठा जाड आवाजांचा, छोटा बारीक आवाजांचा. शब्दातले स, श, फ हे छोट्याचं काम. तोच गेला असणार. निरोप देताना प्रयोगशाळेने मला एक यंत्र दिलं होतं, एकच सूर काढणारं. चक्री फिरवली की सूर चढत जातो. ते जोडलं, बॉक्सच्या तारांवर काट्याचं मीटर लावलं आणि तीन व्होल्ट ठेवले. तीन त्रिक नऊ, भागिले आठ, एक वॅटच्या जरा वर.

सेकंदाला हजार कंपनांना सूर स्वच्छ. दोन हजारांना स्वच्छ. तीनला बारीक झाला. चारला दूर गेला. पाच हजारांना बंद. मीटरचा काटा मात्र तीनवरच. म्हणजे वीज बॉक्सपर्यंत पोचतेय आणि छोटा स्पीकर मेलेला आहे. पकडला चोर, म्हटलं. दुसरा बॉक्स लावला. तोही पाच हजारांना बंद. तिसरा. चौथा. सगळे पाच हजारांना.

चार वेगवेगळे बॉक्स एकाच आकड्याला कसे मरतील? मीटर दुरुस्त करणाऱ्याचा नियम आहे, सगळीकडे तीच चूक दिसली तर चूक मोजणाऱ्यात शोधायची. मी मीटर बदललं. काटा तीनवर. तारा बदलल्या. तीनवर. मग मान वर केली.

दारात शिंपीबुवा उभे होते. दोन्ही कानांत बोटं, डोळे घट्ट मिटलेले, तोंड वेडंवाकडं. डबा घेऊन आले होते, तो पायाशी पडला होता. मला काहीही ऐकू येत नव्हतं. मी चक्री खाली आणली, त्यांचं तोंड सरळ झालं. वर नेली, पुन्हा बोटं कानात. तीन वेळा केलं. ते बिचारे तिन्ही वेळा उभे राहिले, पळाले नाहीत.

यंत्र बंद करून मी खाली बसले. म्हटलं, "अहो, तुम्ही कधीपासून ओरडताय?"

ते शेजारी बसले, माझ्या कानाजवळ तोंड आणून म्हणाले, "तू निवृत्त व्हायच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं. सहा वेळा सांगितलं." जरा थांबून म्हणाले, "हळू आवाजात सांगितलं असेल."

हसू आलं आणि भीतीही वाटली. कान गेला तर बटणाशी बसायचं कशाच्या जोरावर?

सोमवार, १७ फेब्रुवारी

धाकटीकडे जाऊन सांगितलं, "मी बहिरी होत चाललेय. तू तो स्पीकरवाला बोलाव."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. मोठ्याने, समोर बघून, एकेक शब्द सुटा करत.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

मग मी चिडले. दीड वर्ष माहीत होतं तर तीस बायकांचा कार्यक्रम माझ्या हातात दिला कशाला? दया म्हणून? म्हातारीला काहीतरी खेळणं म्हणून? ती घाईघाईने म्हणाली, "दया नाही गं, शप्पथ. बटणाशी तूच हवीस. का ते विचारू नकोस." डोळे भरून आले तिचे. मला उलगडा झाला नाही, पण ती खरं बोलत होती. चार वर्षांची असल्यापासून ती खोटं बोलली की नाक ओढते. नाक ओढलं नाही.

घरी येताना शिंपीबुवा म्हणाले, "माझा कान घे की. मला काय काम आहे?"

बुधवार, १९ फेब्रुवारी

आजचा दिवस मजेत गेला. सभागृहात एकशेवीस खुर्च्या मांडल्या. धाकटीने माइकवर एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. शिंपीबुवा एकेका खुर्चीत बसून ऐकत गेले. शब्द न् शब्द कळला की अंगठा वर, कानाला त्रास झाला की टोपी काढायची. मी काटा बघून व्होल्ट लिहिले. कपड्याचं माप घ्यावं तसं त्यांनी सभागृहाचं माप घेतलं आणि चेहराही तसाच गंभीर. एका खुर्चीत मात्र डुलकी काढली. तिथला आकडा दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

संध्याकाळी कागद मांडला तर सगळं उघड होतं. पुढच्या तीन रांगांत टोपी काढलेली, मागच्या तीन रांगांत अंगठा नाही. वॅट कमी नव्हतेच. बॉक्स चुकीच्या जागी होते. चारही पुढे उभे करून मी पुढच्यांचे कान फोडत होते आणि मागच्यांना उपाशी ठेवत होते. दोन बॉक्स उचलून मधल्या भिंतींवर नेले. जोडणी तीच, आठ ओहम. सगळीकडे अंगठा आला. कानाने काम करत होते तेव्हा हे मला सुचलं नव्हतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

काल कार्यक्रम झाला. सभागृह भरून बायका, त्यांचे नवरे, मुलं, बेकरीवाला सहकुटुंब. मी बटणाशी, पुढ्यात मीटर. शिंपीबुवा मधल्या रांगेत, टोपी घालून. दोन तास मी एकदा काट्याकडे आणि एकदा टोपीकडे बघत होते. टोपी एकदाही निघाली नाही.

तीस जणी एकदम वरच्या सुरात गेल्या तेव्हा काटा सहा व्होल्टला टेकला. सहा सक छत्तीस, भागिले आठ, साडेचार वॅट. एवढ्यावर एकशेवीस माणसांचं सभागृह भरून गेलं आणि मी दोनशेच्या मागे लागून यंत्र जाळलं होतं.

शेवटी धाकटीचं गाणं. मला त्यातलं वरचं काही ऐकू आलं नाही, हे आता मला कळतं. मी तिचा चेहरा बघत होते. टाळ्या झाल्या. जाताना एक म्हातारे गृहस्थ थांबून काही बोलले. या वेळी मी मान डोलावली नाही, कान पुढे करून पुन्हा विचारलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांत गाण्याचे शब्द पहिल्यांदा नीट कळले.

शनिवार, ८ मार्च

श्रवणयंत्र मिळालं. कानामागे बसतं, भुईमुगाच्या शेंगेएवढं. डॉक्टरीणबाईंना मी आत किती व्होल्ट आणि स्पीकरचा रोध किती असं विचारलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं म्हणे. आकडा त्यांना माहीत नव्हता. घरी जाऊन शोधणार.

बाहेर आले आणि रस्ता अंगावर आला. पिशवी चुरचुरते. चपला वाजतात. माझा परकर सळसळतो, कधीपासून कोण जाणे. शिंपीबुवा सवयीने ओरडले, "कसं वाटतंय?" आणि मी दचकून दोन पावलं मागे सरले. "अहो, हळू." ते हळू बोलले. त्यांचा आवाज किती मऊ आहे, मी विसरूनच गेले होते.

मंगळवार, ११ मार्च

आज वर्गावर गेले होते. यंत्र लावून पहिल्यांदाच. केस पुढे घेतले होते, त्यामुळे ते कोणाला दिसलं नाही. बायका गेल्यावर धाकटी एकटीच माइकवर तेच गाणं म्हणत होती, कीबोर्डवाली मैत्रीण साथीला. मी मागे बटणाशी उभी राहून ऐकलं.

खालचे सूर छान. वर जाताना आवाज कापतो. एकदा चक्क फाटला. वीस वर्षांच्या मुलीचा नाही, साठीला आलेल्या बाईचा आवाज आहे तो. मी दोन वर्षं जे कौतुक करत होते ते आठवणीतल्या आवाजाचं होतं. बटणाशी मीच का हवी, ते तिथे उभ्या उभ्या कळलं. आख्ख्या गावात मी एकटीच होते जिला ते कापणं ऐकू येत नव्हतं.

तिने मला बघितलं. "कसं झालं, ताई?"

मी केस मागे केले. तिने यंत्र बघितलं आणि माइक खाली ठेवला.

गोड बोलता आलं असतं. तिने दीड वर्ष मला सांभाळून घेतलं, मीही तिला घेतलं असतं, आणि आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बांधून बसलो असतो. मी म्हटलं, "वरचा सूर कापतो गं. दोन ठिकाणी."

ती कडेच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, "बायका मान खाली घालतात त्या जागेवर. एकीने तरी सांगावं म्हणून वाट बघत होते, आणि कोणी सांगू नये म्हणूनही. तू 'छान' म्हणायचीस ना, मला माहीत असायचं की तुला ऐकू येत नाही. तरी बरं वाटायचं." मग विचारलं, "आता गाणं सोडू का?"

"सोडतेस कशाला? तुझ्या गळ्याला आता जेवढं झेपतं तेवढंच माग त्याच्याकडे. पट्टी खाली घे."

कीबोर्डवालीने दोन पट्ट्या खाली धरल्या. धाकटीने डोळे मिटून सुरुवात केली. वरची जागा आली आणि आवाज तिथे जाऊन नुसता उभा राहिला, भरलेला, जाडसर, मी कधीच न ऐकलेला. मुलीचा नव्हता. फार चांगला होता. माझा हात बटणावर होता, पण ते फिरवायची गरज पडली नाही.

माझा चेहरा बघून ती मध्येच थांबली. "ताई, रडू नकोस हं, यंत्र भिजेल."

डोळ्यांतलं पाणी कानामागे पोचत नाही, हे मी तिला व्यवस्थित समजावून सांगितलं, आणि मग रडले.